बॅटरी नवी, तक्रार जुनीच

मागच्या अंकात दुचाकीच्या विजेबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं बॅटरीचीच निघाली, आणि तीही पंधरा, वीस, तीस वर्षं जुन्या गाड्यांची. मी एसटीच्या कार्यशाळेतला इलेक्ट्रिशियन. निवृत्तीनंतर साताऱ्यात घराखालच्या गाळ्यात दुचाक्यांची वायरिंग बघतो. माझ्याकडे कुठल्याच बॅटरीची एजन्सी नाही, त्यामुळे ‘अमुकच कंपनीची घ्या’ असं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या बॅटऱ्यांत उन्नीस-बीसचा फरक. गाडीतलं चार्जिंग कसं आहे, यावरच सगळं ठरतं.

माझी २००६ ची पल्सर १५० आहे. दीड वर्षात तिसरी बॅटरी घालायची वेळ आली. दुकानदार म्हणतो, ‘या गाडीला नवाची पुरत नाही, बुलेटची चौदाची टाका, बैठकीचा पत्रा थोडा कापून देतो.’ टाकू का? — वाचक, कराड

नका टाकू. आणि नवाचीही आज लगेच घेऊ नका.

दीड वर्षात एकामागून एक बॅटऱ्या बसत असतील, तर सगळ्याच खराब निघाल्या असं क्वचित होतं. तुमच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप). एवढी बॅटरी सेल्फ मारायला आणि हॉर्न-इंडिकेटरला पुरून उरते. तुमच्या गाडीत दोनपैकी एक गोष्ट घडतेय. एक तर बॅटरी भरतच नाही, नाहीतर रात्री कुणीतरी ती पीत बसतंय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चौदाची घातलीत तरी इंजिनात वीज तयार करणारं मॅग्नेट तेच, कॉइल प्लेट तीच. ती चार दिवस जास्त ओढेल आणि मग तीही बसेल. तोवर पत्रा कापून झालेला असेल, तो काही परत जोडला जाणार नाही.

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर घ्या. नवीन बॅटरीच्या मानाने हा खर्च काहीच नाही. सध्याची बॅटरी दुकानात पूर्ण चार्ज करून आणा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी गाडीला लावायच्या आधी मोजा. ॲसिडवाली असेल तर १२.६ ते १२.७ दिसायला हवं, मेंटेनन्स-फ्री (पाणी घालावं न लागणारी, सीलबंद) असेल तर १२.८ च्या आसपास. १२.२ दिसलं तर ती निम्मीच भरलेली आहे. रात्रभरात १०.५ वर आली असेल, तर आतल्या सहा कप्प्यांपैकी एक, म्हणजे एक सेल गेला. मग पुढचं काही तपासायचं राहत नाही, ती बॅटरी संपली.

ती ठीक निघाली तर गाडीला जोडा, मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलवर धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली जाणारच, पण दहाच्या फार खाली जाता कामा नये. सात-आठवर आपटला आणि रिले कट-कट वाजला, तर बॅटरीत दम नाही. आकडा अकरावर टिकून आहे आणि तरी सेल्फ कण्हतोय, तर बॅटरीला दोष देऊ नका, अर्थिंग बघा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-चेसिसला जाणारी वायर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट दिसला तरी ती वायर किंवा तिचा बोल्ट वाईट. चांगल्या अर्थिंगला ०.२-०.३ च्या वर काही दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हा बोल्ट बहुतेक वेळा रंगाखाली सापडतो. चेसिस रंगवून घेताना रंगाऱ्याने वायरच्या डोळ्यासकट सगळं झाकून टाकलेलं असतं. पॉलिश पेपर मारा, बोल्ट घट्ट करा, वर व्हॅसलीन लावा. कितीतरी ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावर जिवंत होतात.

आता चार्जिंग. गाडी चालू करून चार-पाच हजार आरपीएमला धरा. १३.८ ते १४.५ हवं. रेस वाढवूनही आकडा साडेबारावर बसून राहिला, तर बॅटरीत काही जात नाही. मॅग्नेटकडून येणारा कनेक्टर उघडून बघा. तो पिवळा पडून वितळलेला असतो, कित्येकदा दोष तेवढाच असतो. नाहीतर कॉइल प्लेट किंवा रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणारं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा) गेलेला असतो. उलट १५ च्या वर गेलं, तर रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरी आत उकळतेय. अशा गाडीत तुम्ही कितीही महाग बॅटरी घाला, सहा महिन्यांत भाजून निघेल. ॲसिडवाली असेल तर तिची खूण सोपी आहे. दर पंधरा दिवसांनी पाणी घालावं लागतंय? मग ती जास्त चार्ज होतेय.

शेवटी रात्रीचा चोर. चावी बंद करा, निगेटिव्ह वायर सोडा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून सुटलेली वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये धरा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल, नाहीतर मीटरच जळेल. आकडा जवळजवळ शून्य असायला हवा. ४० मिलिअँपिअर (मीटरवर ०.०४) दिसले, तर चोवीस तासांत जवळपास १ एएच गायब. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की तुमची नवाची निम्म्यावर. सेकंडहँड घेतलेल्या गाड्यांत हा चोर हटकून एकच असतो, आधीच्या मालकाने बसवलेला रिमोटवाला सायरन. त्याच्या खालोखाल हँडलवरचा मोबाइल चार्जर, थेट बॅटरीवरून घेतलेला. तो चावीच्या लाइनवर घ्या.

हे सगळं निस्तरल्यावर बॅटरी घ्यायला जा. ९ चीच घ्या. जुनी बॅटरी सोबत न्या, कारण नुसतं ‘पल्सरची द्या’ म्हटलं की वेगवेगळ्या सालांच्या पल्सरचा घोळ होतो. जुनीवर १२एन९-४बी असं काही लिहिलेलं असेल. आधीचा १२ म्हणजे व्होल्ट, मधला ९ म्हणजे एएच, आणि शेवटचं अक्षर-आकडा टर्मिनल आणि वाफेची नळी कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. दोन्ही बॅटऱ्या टर्मिनल आपल्याकडे करून शेजारी ठेवा. पॉझिटिव्ह एकाच हाताला आहे का? उंची तीच आहे का? पॉझिटिव्ह उलट्या हाताला आला तर वायर ओढून-ताणून बसवतात, ती खोक्याच्या कडेवर घासते आणि एक दिवस सीटखालून धूर येतो.

मेंटेनन्स-फ्री घेत असाल तर बनवल्याचा महिना-वर्ष बघा. सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. काउंटरवरच मीटर लावा, १२.५ च्या खाली दिसली तर दुसरी मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर तिथेच लिहून घ्या. वॉरंटी ‘अठ्ठेचाळीस महिने’ असली, तरी त्यातले फुकट बदलून मिळण्याचे किती आणि टक्केवारीने सूट मिळण्याचे किती, हे कार्डावर वेगळं छापलेलं असतं. ते आधी वाचा.

मामाची १९९१ ची आरएक्स १०० मला मिळाली आहे. बॅटरी पूर्ण मेलेली आहे, तरी गाडी किकवर चालू होते. मित्र म्हणतात बॅटरी काढून कपॅसिटर लाव, वजन कमी होईल. मी एकोणीस वर्षांचा आहे, बजेट कमी आहे. — वाचक, पुणे

तुझ्या मामाने गाडी जपून ठेवलेली दिसते. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी आपल्याकडे बनली, त्यामुळे तिच्या वायरिंगवर प्रयोग करायच्या आधी दहादा विचार कर.

बॅटरी नसताना ती चालू होते, कारण तिच्या स्पार्कला बॅटरी लागतच नाही. मॅग्नेटखाली वेगळी कॉइल आहे, ती सीडीआयला (स्पार्क पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) थेट करंट देते. हेडलाइटही थेट कॉइलवरच, म्हणून तो आयडलिंगला मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो. बॅटरीकडे राहतं काय, तर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि न्यूट्रलचा दिवा. तुझे मित्र म्हणतात तो कपॅसिटर रेक्टिफायरकडून (कॉइलचा एसी करंट डीसी करणाऱ्या भागाकडून) धडधडत येणारा करंट थोडा सपाट करतो. गाडी चालू असताना त्यावर भागतं. पण सिग्नलला आयडलिंगवर उभा राहिलास की हॉर्न पिचक्या आवाजात वाजतो आणि इंडिकेटर लुकलुकायचा थांबतो. नेमक्या त्याच वेळी मागून पीएमपीची बस येत असते. नुसती बॅटरी काढून, कपॅसिटरही न लावता फिरलास, तर पहिल्याच रेसला बल्ब उडतील.

बॅटरी घे. या गाडीला लागते ती लहान, तिची किंमत एका टायरपेक्षा कमी. माप गाडीच्या खोक्यावरूनच घे, इंटरनेटवरच्या यादीवरून नको. तीस वर्षांत कुणी खोका बदललेला असू शकतो. लांबी, रुंदी, उंची पट्टीने मोजून कागदावर लिहून दुकानात जा.

एक गोष्ट मात्र नीट बघ. ॲसिडवाल्या बॅटरीला बाजूला एक बारीक नळीचं तोंड असतं, नव्या बॅटरीत त्यावर लाल टोपी असते. ती टोपी काढायची आणि तिथे नळी लावायची. टोपी तशीच ठेवून चार्जिंग केलं की आतल्या वायूला वाट मिळत नाही, बॅटरी फुगते, कधी तडकतेही. नळी इंजिनच्या मागून खाली, चेन आणि सायलेन्सरपासून दूर सोडायची. ती दुमडली किंवा तुटली, तर ॲसिडचे थेंब कुठे पडले ते महिन्याभरात क्रोमवर दिसतं. जुन्या आरएक्सच्या सायलेन्सरवर एकाच जागी पडलेला तो करडा, खरखरीत डाग तू पाहिला असशीलच. लोक पॉलिश घासून-घासून थकतात आणि वर नळी तशीच लोंबकळत असते.

वडिलांची १९९६ ची बुलेट ३५० मी चालवते. शाळा वीस किलोमीटरवर, परतताना अंधार पडतो म्हणून १०० वॉटचा बल्ब लावला. गणपतीत घातलेली बॅटरी दिवाळीला बसली. मोठी बॅटरी घालावी का? आणि हेडलाइटवरच्या त्या काट्याचा अर्थ काय? — शिक्षिका, कोल्हापूर

ताई, मोठ्या बॅटरीचं उत्तर वर कराडच्या वाचकांना दिलंय, तेच तुम्हालाही. काट्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तो काटा म्हणजे कंपनीने फुकट दिलेला इलेक्ट्रिशियन आहे, आणि हल्ली कुणी त्याच्याकडे बघत नाही.

तो अँमीटर. मध्यावर शून्य, एका बाजूला उणे, दुसरीकडे अधिक. उणेकडे गेला म्हणजे बॅटरीतून करंट बाहेर चाललाय, अधिककडे गेला म्हणजे बॅटरी भरतेय. तुमच्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनाला पॉइंटचं (उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन आहे आणि स्पार्कचा करंट बॅटरीतूनच येतो. म्हणजे आरएक्ससारखं नाही, इथे बॅटरी पूर्ण मेली की किक मारून पाय दुखेल, गाडी चालू व्हायची नाही.

चावी लावा, इंजिन बंद असू द्या. किक हळूहळू हाताने फिरवल्यासारखी दाबा. पॉइंट मिटलेले असताना काटा थोडा उणेकडे जाईल, उघडले की पटकन शून्यावर येईल. तुमच्या वडिलांनी याच काट्यावरून पिस्टनची जागा ओळखून किक मारली असणार. काटा शून्यावर, मग डीकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारी खटकी) ओढून किक अंगठाभर पुढे, डीकॉम्प्रेसर सोडला, आणि एक पूर्ण किक. विचारा त्यांना. चावी लावूनही काटा अजिबात हलला नाही, तर बॅटरी, फ्यूज नाहीतर पॉइंट, यांतलं एक काहीतरी गेलंय. याच कारणाने या गाडीत चावी चालू ठेवून चहा प्यायला जायचं नाही. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल, तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी रिकामी होते.

गाडी चालू झाल्यावर आयडलिंगला काटा शून्याच्या आसपास थरथरतो. रेस दिली की अधिककडे जायला हवा. थोडं अंतर गेलं, बॅटरी भरत आली की तो परत मध्याकडे सरकतो. तासभर चालवूनही तो अधिककडे टोकाला चिकटून असेल, तर एक तर बॅटरीतला सेल गेलाय, नाहीतर रेग्युलेटर काम करत नाही. आता दिवा लावा आणि चाळीसच्या वेगाने जा. काटा शून्यावर किंवा त्याच्या वर असला पाहिजे. तुमचा १०० वॉटचा बल्ब एकटाच आठ अँपिअरच्या वर ओढतो. माझी खात्री आहे, दिवा लावून येताना तुमचा काटा वीस किलोमीटर उणेकडेच असतो. सकाळी जाताना जेवढं भरतं, ते संध्याकाळी त्याहून जास्त जातं. बॅटरी रोज थोडी-थोडी उपाशी राहते, प्लेटांवर पांढरा सल्फेट बसतो आणि दोन महिन्यांत तिचं काम संपतं.

मूळ वॉटचा बल्ब लावा. उजेड कमी वाटत असेल तर आधी रिफ्लेक्टर बघा. तीस वर्षांत त्याची चांदी उडालेली असते आणि काळ्या पडलेल्या वाटीत १०० वॉट घातले तरी रस्ता दिसत नाही. चांगला कमी वॉटचा एलईडी चालेल, पण भिंतीवर उजेड पाडून त्याची कड वर जात नाही ना ते पाहून घ्या. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारे स्वस्त एलईडी मला अजिबात पसंत नाहीत, आणि कोल्हापूरच्या रस्त्यांवर ते फार झालेत.

आणि खोक्यात बॅटरीखाली रबर आहे का बघा. बुलेटची थरथर बॅटरीच्या प्लेटांना सोसत नाही. प्लेटांवरचा लेप झडतो, तळाशी गाळ साठतो, गाळ प्लेटांना टेकला की सेल शॉर्ट. जुन्या ट्यूबचा जाड तुकडा खाली, एक बाजूला, आणि वरून पट्टा घट्ट. एवढं पुरे.

२००३ ची स्प्लेंडर, शेतावर जायला वापरतो. अडीचची बॅटरी लागते. ॲसिडवाली घ्यावी की ‘ड्राय’? ड्राय महाग सांगतात. — शेतकरी, बार्शी

दुकानात ‘ड्राय’ म्हणतात ती मेंटेनन्स-फ्री. आत ॲसिड असतंच, काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि झाकण सील असतं, म्हणून सांडत नाही. धूळ, खड्डे, बांधावर आडवी पडणारी गाडी, हे सगळं तिला बरं सोसतं.

पण गाडी १५ व्होल्ट देत असेल तर ती ॲसिडवालीच्या आधी मरते, कारण उडालेलं पाणी परत घालायची सोय नाही. म्हणून आधी चार्जिंग मोजून घ्या. ते बरोबर असेल आणि तुम्ही सीटखाली कधी डोकावत नसाल, तर महाग पडली तरी मेंटेनन्स-फ्री घ्या. दर महिन्याला पातळी बघायची सवय असेल, तर ॲसिडवाली स्वस्तात तेवढीच चालते. तुमच्याकडचा उन्हाळा बघता महिना म्हणजे महिनाच. मे महिन्यात पंधरा दिवसांनी.

ॲसिडवाली घेतलीत तर पहिलं चार्जिंग कसं होतंय यावर तिचं आयुष्य ठरतं. अजून ॲसिड न भरलेली बॅटरी घ्या आणि तिचं सील समोर उघडायला सांगा. १.२८० घनतेचं ॲसिड वरच्या रेघेपर्यंत, मग अर्धा तास थांबायचं, प्लेटा ॲसिड पितात आणि पातळी उतरते, ती परत भरायची. नंतर चार्जिंग, एएचच्या एक दशांश करंटवर. अडीचच्या बॅटरीला पाव अँपिअर, आणि तेही काही तास. दुकानदाराच्या चार्जरवर एका ओळीत ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या लावलेल्या असतात, त्यांच्यातच तुमची चिमुकली जोडून तासाभरात ‘झाली’ म्हणून हातात देतात. तिला हात लावून बघा. चटका बसत असेल तर प्लेटा वाकल्याच समजा. संध्याकाळी न्यायला येतो म्हणावं, सकाळी घाई करू नये.

पुढे पातळी उतरली तर फक्त डिस्टिल्ड पाणी. ॲसिड परत कधीच नाही, विहिरीचं, बोअरचं, आरओचंही नाही.

वडिलांची जुनी येझदी आहे, ६ व्होल्टची. बॅटरी मिळत नाही म्हणतात. १२ व्होल्ट करून घेऊ का? — वाचक, बेळगाव

मिळते, फक्त काउंटरवर तयार नसते, मागवावी लागते. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, पण तुमच्या भागात जुन्या जावा-येझदी सांभाळणारे मेस्त्री अजून आहेत. त्यांच्याकडे चौकशी करा, कुठे मिळते ते त्यांना तोंडपाठ असतं.

१२ करायचं म्हणजे नुसती बॅटरी बदलून होत नाही. डायनॅमोचं रेग्युलेशन, इग्निशन कॉइल, सगळे बल्ब, हॉर्न, सगळं बदलावं लागतं, आणि अर्धवट केलं की गाडी कायमची आजारी. मी तरी ६ व्होल्टच ठेवीन. फक्त एक लक्षात घ्या. ३५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर तीनेक अँपिअर ओढतो, ६ वर सहाच्या आसपास. करंट दुप्पट, त्यामुळे गंजलेला स्विच किंवा ढिला फ्यूज इथे दुप्पट नडतो. बॅटरी घ्यायच्या आधी सगळे जोड घासा, डायनॅमोचे कार्बन बघा. भरलेली ६ व्होल्टची बॅटरी ६.३-६.४ दाखवते, गाडी रेसवर असताना ७ च्या वर जायला हवी. आणि दुकानात चार्जिंगला देताना बॅटरीवर खडूने मोठा ६ लिहा. बाराच्या चार्जरवर लावून तिची वाट लावणारे कमी नाहीत.

लिथियम बॅटरी ऑनलाइन बघितली, अर्धा किलोची. २००९ च्या माझ्या गाडीला चालेल का? — वाचक, ठाणे

चालेल, पण घेऊ नका. जुन्या गाडीचा रेग्युलेटर कधी पंधराला जाईल सांगता येत नाही. शिशाची बॅटरी तो मार पाणी उकळून सहन करते, लिथियम करत नाही. आतलं संरक्षक सर्किट मध्येच तोडतं, नाहीतर सेल फुगतात. शिवाय जाहिरातीत ‘९ एएच समतुल्य’ लिहिलेलं असतं, ते सेल्फ मारायच्या ताकदीपुरतं. आत खरे एएच त्याच्या निम्म्याहून कमी असू शकतात. पार्किंग लाइट चुकून चालू राहिला की फरक कळतो. दीड-दोन किलो वाचवायचेच असतील तर डिकीतलं सामान काढा.

बॅटरी उतरल्यावर कारवरून जंपर लावला तर चालतं का? — वाचक, नागपूर

चालतं. कार बंद ठेवायची, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, आणि निगेटिव्हचा चिमटा दुचाकीच्या इंजिनावर. चालू झाली की लगेच काढा. ट्रक किंवा एसटीवरून कधीही नाही, तिथे २४ व्होल्ट असतात. आमच्या डेपोत एका हौशी माणसाने हा उद्योग केला होता. मीटर, बल्ब, रेग्युलेटर सगळं एका झटक्यात गेलं.

मुलगा दुबईला असतो, वर्षातून एकदा येतो. त्याची गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतो. दरवर्षी आल्यावर नवीन बॅटरी. काही उपाय? — वाचक, रत्नागिरी

नुसती ठेवलेली बॅटरीही आतल्या आत उतरत असते. ॲसिडवाली दोन-तीन महिन्यांत निम्मी होते, उकाड्यात आणखी लवकर. मेंटेनन्स-फ्री पाच-सहा महिने तग धरते. आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की सल्फेट घट्ट होतो, मग कितीही चार्ज करा.

मुलगा गेला की त्याच दिवशी बॅटरी काढा. आधी निगेटिव्ह सोडायचा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवा, कोरडं करा. बॅटरी घरात सावलीला ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी लहान ऑटोमॅटिक चार्जरवर एक रात्र लावा. जमिनीवर ठेवली तर बॅटरी उतरते, हे लहानपणापासून ऐकत आलोय. आताच्या प्लॅस्टिकच्या बॅटऱ्यांना त्याने काही होत नाही.

आठवड्याला पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची, हा शेजाऱ्यांचा सल्ला मात्र मोडा. सेल्फने खर्च केलेलं पाच मिनिटांच्या आयडलिंगने भरून येत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच.

जुनी बॅटरी परत घेताना दुकानदार मनाला येईल ते पैसे लावतात. भंगारवाल्याला दिली तर? — वाचक, नाशिक

दोन पैसे जास्त मिळतील कदाचित, पण देऊ नका. काही भंगारवाले ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि आपणही त्या इतर कचऱ्यात टाकायच्या नाहीत. भाव वजनावर असतो, कारण किंमत आतल्या शिशाची. म्हणून न्यायच्या आधी घरच्या काट्यावर वजन करा, दोन दुकानांत किलोचा दर विचारा, आणि बिलावर नव्याची किंमत आणि जुनीची वजावट वेगवेगळी लिहून घ्या. नुसती ‘एक्स्चेंज धरून इतके’ अशी एकच रक्कम सांगितली, तर दुसऱ्या दुकानात जा.